पहिल्या ओळीचं कारण

बाई,

काल आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ झाला आणि त्यांनी भरल्या हॉलमध्ये माझी गोष्ट सांगितली. दर वर्षी नव्या पोरांना सांगतात तीच, प्रेसची, दुधी भोपळ्याची आणि तुमच्या वहीची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, हात जोडले, लाजल्यासारखं केलं, पण खरं सांगते, छाती फुगली होती माझी. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, नाहीतर तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं असतं. तुम्ही अर्थात आला नसता. ‘गोष्टी पुरेत, सिद्धता दाखव,’ एवढाच निरोप पाठवला असता. तर आज रविवार आहे, दादाकडे दुपारी जेवायला जायचंय, तोवर चहाचा कप आणि ती वही घेऊन बसलेय आणि तुम्हाला सिद्धता दाखवते.

मला आधी तुमचा हात आठवतो, मग चेहरा. खडूने पांढरा झालेला उजवा हात. फळ्यावर त्रिकोण काढायचात, आम्ही तो वह्यांत उतरवून घेतला की लगेच हाताने झाकून टाकायचात आणि म्हणायचात, आता सांगा. आकृतीत दिसतंय म्हणून सांगायचं नाही, दिलेल्या गोष्टींतून निघतंय का ते सांगायचं. पक्ष, साध्य, सिद्धता. म्हणजे काय दिलंय, काय दाखवायचंय आणि मधली वाट. पानावर उभी रेघ, रेघेच्या डावीकडे विधान, उजवीकडे कारण. हे तर सगळ्याच शाळांत होतं. पण तपासायची तुमची रीत शाळाभर बदनाम होती. तुम्ही वहीचं पान त्या उभ्या रेघेवर दुमडायचात, विधानांचा रकाना मागे टाकायचात आणि नुसती कारणं वाचत खाली जायचात. कारणं चोख असली की विधानांना पळून जायला जागा नसते, असं तुमचं म्हणणं. सातपूरच्या कामगार वसाहतीतून येणाऱ्या आम्ही चार मुली शेवटच्या बाकावर बसायचो आणि मधल्या सुट्टीत तुमची नक्कल करायचो. डब्याच्या पोळ्यासुद्धा दुमडून तपासायचो.

नववीतला तो शून्य तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतो. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं प्रमेय होतं. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला, तो पायावरच पडला, पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं. ‘लंब पायावर पडतो’ या विधानासमोर मी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘उघड आहे’. बाकी अकरा ओळी अचूक होत्या आणि तुम्ही दहापैकी शून्य दिलात. मी तेव्हाही भांडकुदळच. उभी राहून म्हटलं, बाई, एका ओळीसाठी सगळेच मार्क का कापले. तुम्ही मला फळ्याशी बोलावलंत, हातात खडू दिलात. ‘उघड असेल तर लिहायला कितीसा वेळ लागतो? लिही की.’

मी खडू धरून उभी आहे. वर्ग खुसखुसतो. मला लिहिता येत नाही. मग तुम्ही माझ्या हातातला खडू घेता आणि एका अंगाला झुकलेला, आता पडतो की मग पडतो असा त्रिकोण काढता, आणि त्याचा लंब थेट बाहेर जाऊन पडतो, पायापासून चांगला चार बोटं लांब. तुम्ही मला म्हणालात की आकृतीने मला फसवलेलं नाही. मी तिला साक्षीला बोलावलं, तिने स्वतःपुरतं खरं ते सांगितलं, जगातल्या सगळ्या त्रिकोणांची हमी तिने कुठे घेतली होती. घरी येऊन मी आईला सांगितलं की त्या बाईचं मला तोंड बघायचं नाही. आई भाकरी थापत होती. तिने विचारलं, चुकलं होतं का. मी म्हटलं, हो. ‘मग?’ म्हणाली आणि भाकरी उलटली.

आणि सहलीचा दिवस. वणीच्या गडाला निघालो होतो आणि घाटातल्या वळणांनी माझ्या पोटाचे हाल केले. सगळ्या मुली पायऱ्यांशी जमल्या आणि मी लिंबू हुंगत खाली दगडावर बसले. तुम्हाला सहलीतसुद्धा चैन पडायचं नाही. तुम्ही वर्गाला विचारलंत, प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीवर जाता येतं हे कबूल? सगळ्या म्हणाल्या, कबूल. मग माणूस वर पोचतो? सगळ्या म्हणाल्या, पोचतो. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. पायऱ्या सगळ्या शाबूत आहेत, पण हिने पहिलीवर पाय ठेवलेला नाही, ही काही पोचत नाही. मुली हसून हसून लोळल्या. मला रडू आलं होतं. मग तुम्ही खाली आलात, माझं मनगट धरलंत आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सोडलं नाहीत.

मॅट्रिकचा निकाल लागल्यावर पेढे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही ही वही दिलीत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. घरी येऊन उघडली तर प्रत्येक पानावर तुम्ही स्वतः पेन्सिलीने उभी रेघ मारलेली. दोनशे रेघा, बाई. कॉलेजात मला ती वापरायचा धीर झाला नाही. तुम्ही आजारी असल्याचं मैत्रिणीच्या पत्रातून कळलं, दिवाळीत भेटायला जाऊ म्हटलं, आणि दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात. वही कोरीच राहिली.

आता दादा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि दादा शाळा सोडून सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. मी शिकले ती त्याच्या दोन हातांच्या जिवावर. पुढे गणितात बीएस्सी होऊन त्याच कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स विभागात लागले, तेव्हा तो मला कौतुकाने प्रेसच्या लाइनीवर घेऊन गेला आणि सगळ्यांना सांगितलं की ही माझी बहीण. पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, सरकवायची, हात बाहेर काढायचे, दोन्ही बाजूंची दोन बटणं दोन्ही तळव्यांनी एकदम दाबायची की वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्रा कापून वर जातो. बटणं दोन का, तर दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये हात असणारच नाही. सोपा आणि शहाणा हिशेब. पण माणूस त्याहून हुशार. हात लवकर चालावा म्हणून लोक एका बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायचे, ते बटण कायमचं दाबलेलं, मग एकाच हाताचं काम. त्या दिवशी लाइनीतल्या तिघांनी मला हात जोडून नमस्कार केला नाही, नुसती मान हलवली. घरी आल्यावर दादाने सांगितलं की जोडायला बोटं पुरत नाहीत म्हणून त्यांना लाज वाटते.

म्हणून साहेबांनी नवी पेटी करायला घेतली. शिस्तीचा, हाडाचा इंजिनिअर माणूस, बेंगळुरूला शिकून आलेला, मायक्रोप्रोसेसर नावाचं नवं खेळणं सोबत घेऊन. प्रेसचं जुनं रिले पॅनेल काढून तिथे पुस्तकाएवढी पेटी बसवायची, तिच्यातल्या चिपवर प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामने ट्यूबची चलाखी ओळखायची. प्रोग्राम साहेबांचा, मी मदतनीस. तो असा होता, आणि तुम्हाला लगेच समजेल. बटणं बघ. दोन्ही सुटलेली असतील तर स्वतःशी एक खूण कर. दोन्ही दाबलेली असतील आणि खूण केलेली असेल तर ठोकळा सोड आणि खूण पूस. पुन्हा वर जा, पुन्हा बटणं बघ. दिवसभर हेच. एक बटण बांधून ठेवलं तर दोन्ही सुटलेली कधी सापडणारच नाहीत, खूण होणार नाही, ठोकळा हलणार नाही. साहेबांनी आमच्या टेबलावर चाचणीच्या किटवर तो हजारो वेळा चालवून बघितला. नुसता दिवा लावायचा ठोकळ्याच्या जागी, आणि पोरांना सांगायचं, फसवा त्याला. कुणालाही फसवता आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात कंपनीने मला मुंबईला पंधरा दिवसांच्या एका वर्गाला पाठवलं. प्रोग्राम बरोबर आहे हे चालवून न बघता नुसत्या तर्काने कसं सिद्ध करायचं, असा विषय. सगळे माझ्यापेक्षा शिकलेले, इंग्रजी फाडफाड, मी खालमानेने शेवटच्या बाकावर. सरांनी फळ्यावर प्रोग्रामची एक ओळ लिहिली, तिच्या आधी कंसात लिहिलं, हे खरं आहे असं धरा, आणि नंतर कंसात लिहिलं, हे खरं झालेलं असेल. आधी काय दिलंय, शेवटी काय दाखवायचंय आणि मधल्या प्रत्येक पावलाला कारण. आणि फेऱ्या मारणारा प्रोग्राम असेल तर एक असं वाक्य शोधायचं जे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरंच असतं, फेरी पहिली असो की दहा हजारावी. मला हसू फुटलं, बाई, आवरेचना. सर थांबले आणि विचारलं की यात विनोद काय आहे. मी उभी राहिले, शेवटच्या बाकावरची मुलगी, आणि म्हटलं, ‘सर, हे मला आठवीपासून येतं.’ मग त्यांनी मला फळ्याशी बोलावलं. या खेपेला खडू हातात नुसता धरून उभी राहिले नाही. पंधरा दिवसांनंतर त्या वर्गात लोक मला अवघड प्रोग्राम आणून दाखवायला लागले होते.

परत आले आणि तुमची कोरी वही काढली. पक्ष, साध्य, पेन्सिलीने लिहिलं. साध्य होतं, ठोकळा कधीही पडला तर त्याच्या आधी दोन्ही हात बटणांवरून एकदा उठले होते आणि मग पुन्हा दोन्ही खाली आले होते. आणि दर फेरीला खरं राहणारं वाक्य होतं, ‘खूण असेल तर दोन्ही बटणं याआधी सुटलेली होती’. फेरीत ज्या ज्या वाटेने जाता येतं, त्या प्रत्येक वाटेने गेलं तरी हे वाक्य टिकतं, हे सात पानं दाखवलं. सुंदर सिद्धता होती, स्वतःच्या तोंडाने सांगते. शनिवारी साहेबांना वाचायला दिली. त्यांनी वाचली, मान डोलावली, खाली सही केली आणि मला म्हणाले की कारखान्याने असा कागद कधी बघितला नसेल. पेटी त्याच संध्याकाळी दादाच्या प्रेसवर बसली. खंडेनवमीच्या पूजेला तिचं उद्घाटन ठरलं.

रविवारची सकाळ. नवरात्र चालू आहे, आईचे नऊ दिवस उपास आहेत, ती स्वयंपाकघरात परातीत भगर निवडते आहे. दादा येतो, भिंतीशी उभा केलेला जेवणाचा पाट उचलतो, पंज्याने त्याची लांबी मोजतो आणि म्हणतो, बरोबर बसंल. आई म्हणते, कुठं निघाला पाट. आम्ही मूळचे दिंडोरीकडचे, दादाची बोली सातपूरला येऊन तीस वर्षांनी आजही तशीच आहे. ‘कारखान्यात नेतो. खंडेनवमीला बटनांवर ठेवायचा. मागला लय डुगडुगायचा.’

मी विचारलं, बटणांवर म्हणजे. दादाने मला खुळ्यात काढलं. दोन बटणं एका उंचीची, वर चपटी, देवाने जशी पूजेसाठीच केलेली. त्यांच्यावर पाट टाकायचा, पाटावर पाण्याने भरलेला कलश, नारळ, देवांचे फोटो. दर साली असंच करतात, फक्त आजवर मोटर बंद असायची. यंदा नव्या पेटीचं उद्घाटन म्हणून मोटर सुरू करायची, मालकांच्या आई पेटीला वीज देणारी चावी फिरवणार, आणि त्या प्रेसवरचा सगळ्यात जुना माणूस म्हणून दादा डायला पाच बोटं कुंकवाची लावणार. मी म्हटलं, चावी फिरवायच्या आधी लाव ना. ‘हॅ. मशीन जागं झाल्यावर लावायचं असतं. झोपलेल्याला कुंकू कोन लावतं?’

दोन्ही बटणं दाबलेली, मोटर चालू, चावी फिरलेली आणि दादाचा उजवा हात डायवर.  मग स्वतःला समजावलं की खूण नाही ना, मग ठोकळा कसा पडेल. बटणं सुटल्याशिवाय खूण होत नाही, आणि पाटाखालची बटणं सुटलेलीच नाहीत. आणि हे खात्रीने वाचावं म्हणून वही उघडली. पान रेघेवर दुमडलं, तुमच्यासारखं, आणि नुसती कारणं वाचत गेले. दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीला कारण होतं. पहिली ओळ होती, ‘प्रोग्राम सुरू होताना खूण नसते’. तिला कारण नव्हतं.

पायऱ्या सगळ्या शाबूत. पण पहिल्या पायरीवर पाय कुणी ठेवला? चिपमधली खुणेची ती जागा वीज आल्याबरोबर कोरी असते असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. ती जागा वीज येताना काहीही असू शकते, खूण असलेलीसुद्धा. आणि टेबलावर ती दर वेळी कोरी का असायची तेही तेव्हाच डोक्यात शिरलं. आमचं चाचणीचं किट प्रोग्राम चालवायच्या आधी स्वतःच सगळ्या जागा पुसून घ्यायचं. त्याने स्वतःपुरतं खरं ते सांगितलं होतं. प्रेसवरच्या पेटीत पुसणारं कुणीच नव्हतं. दादा पाट धुऊन उन्हात ठेवत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत बसले.

सोमवारी साहेबांना गाठलं. त्यांना आधी पटेना. म्हणाले, वीज येताना दोन्ही बटणं दाबून कोण उभं राहील. मी म्हटलं, साहेब, खंडेनवमीला बटणांवर काय असतं. ते उठले आणि आम्ही लाइनीवर गेलो. दादाने पाट आणला. कँटीनमधून एक लांबलचक दुधी आणला आणि डायमध्ये हाताच्या जागी ठेवला. सगळी लाइन गोळा झाली. पाटावर लोखंडाची वजनं ठेवली, मोटर सुरू केली, साहेबांनी चावी फिरवली. काही नाही. चावी बंद, पुन्हा चालू. काही नाही. सहा वेळा केलं आणि सहाही वेळा दुधी जसाच्या तसा. कुणीतरी मागून म्हणालं, ताई, भाजी करा त्याची आता. लोक हसले. साहेबसुद्धा हसायच्या बेतात होते.

पण बाई, माझ्या तोंडून आवाज तुमचा निघाला. म्हटलं, ‘साहेब, ठोकळा पडत नाही हे मलाही दिसतंय. का पडत नाही, ते मला कुणीतरी लिहून द्या.’ आणि दुमडलेली वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कारणांचा रकाना वरून खाली वाचला. मग वर आले, पहिल्या ओळीपाशी थांबले. खिशातून प्रोग्रामचे कागद काढले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत शोधत राहिले. मोटर घुमत होती, लोक कंटाळून पांगायला लागले. शेवटी त्यांनी वहीच्या त्या पहिल्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. ‘इथे काहीच नाही. आणि शनिवारी मी याच्याखाली सही केली.’ पेन काढून त्यांनी आपली सही सगळ्यांसमोर खोडली. दुधी अजून डायमध्ये धडधाकट पडलेला होता. मला सगळ्यात मोठा अभिमान वाटतो तो या क्षणाचा. एक माणूस डोळ्यांसमोर सहा वेळा काही न झालेलं बघतो आणि तरी रिकाम्या रकान्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही असता तर त्यांना दहापैकी दहा दिले असते, आणि तुम्ही दहा कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

जेवणाची सुट्टी झाली, पेटी तासभर बंद राहिली. परत आलो तेव्हा दादा म्हणाला, दुधी काढायच्या आधी एकदा शेवटचं बघू. मी त्याला लांब उभं केलं. मोटर सुरू झाली, चाक वेगात आलं, त्याने हात लांब करून चावी फिरवली. धाड. दुधीचे दोन तुकडे. एक तुकडा घरंगळत साहेबांच्या बुटापाशी आला. वीज लगेच परत दिली की जुनी कोरी जागा कोरीच राहायची, तासभर मेलेली राहिली की वाटेल तशी जागी व्हायची, हे नंतर कळलं.  दादाने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. मग माझ्याकडे येऊन विचारलं, ‘जेवलीस का तू?’

प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ वाढली, आधी खूण पूस. चिप पुन्हा भरली. मी वहीत पहिल्या ओळीसमोर कारण लिहिलं, प्रोग्रामची ओळ पहिली, आणि या खेपेला शाईने लिहिलं. खंडेनवमीला आईचा पाट दोन्ही बटणांवर बसला, अजिबात डुगडुगला नाही. त्याच्यावर कलश, नारळ, फोटो, झेंडूच्या माळा. मी साहेबांना म्हटलं होतं की पाट नको, दुसरीकडे ठेवू, तर साहेब आणि दादा दोघंही म्हणाले, पाट तिथेच. मालकांच्या आईने चावी फिरवली. दादाने बोटं कुंकवात बुडवली आणि जाग्या मशीनच्या डायवर हात ठेवला. मी सिद्धता मनात पहिल्या ओळीपासून म्हणत होते. ठोकळा वर जिथल्या तिथे. पाच बोटं उमटली, लालभडक, पाचही. दादा मागे वळला आणि तोच हात माझ्या काखेतल्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवला. अजून आहेत ती बोटं, फिकी झालीत, पण मोजता येतात.

तेव्हापासून आमच्या विभागात कुठलाही प्रोग्राम वहीशिवाय चिपवर जात नाही. ट्यूबच्या पट्ट्या गेल्या. त्या लाइनीत नंतर लागलेली पोरं दोन्ही हात जोडून नमस्कार करतात. नव्या मुली वह्यांवर उभ्या रेघा मारतात, पानं दुमडून एकमेकींच्या सिद्धता तपासतात, आणि त्या रेघेला ‘बाईंची रेघ’ म्हणतात. कोणत्या बाई, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मीच.

आणि काल साहेब माइकवर म्हणाले, दर वर्षी म्हणतात तेच, की या मुलीने जिथे कारण माहीत नव्हतं ती जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली, आणि माझ्यासारख्या अनुभवी माणसाने त्या रिकाम्या जागेखाली न बघता सही केली, माझ्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी चूक. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, या वहीतच राहील, त्या पानात. म्हणून तुम्हाला सांगते. शनिवारी ती जागा रिकामी नव्हती, बाई. साहेबांची नजर चुकली नव्हती, त्यांनी वाचलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. रविवारी दादा पाट धूत होता तेव्हा मी रबराने ती चौकट स्वच्छ केली. पेन्सिल दाबून लिहायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. अजूनही त्या चौकटीवर बोट फिरवलं की दोन शब्द लागतात, ‘उघड आहे’.